उत्तरेची खिडकी

कोटाला पुढून दोन बाजू असतात, डावी आणि उजवी. त्या दुपारी माझ्या टेबलावर दोन डाव्या होत्या.

आधी वाटलं, मीच चुकीच्या बाजूला उभा आहे. टेबलाला वळसा घालून पलीकडून पाहिलं. पलीकडूनही दोन डाव्याच. मग एकीवर एक ठेवून पाहिली. रेघ न् रेघ जुळली. इतकं अचूक कटिंग मी आयुष्यात केलं नव्हतं.

हे नव्वदच्या दशकातलं. माझ्या बायकोला, नीलाला, लोअर हट नावाच्या शहरात नर्सची नोकरी मिळाली आणि तिच्या मागोमाग मीही न्यूझीलंडला आलो. पुण्यात मी कटर होतो. कटर म्हणजे फक्त कापणारा, शिवणारे वेगळे. सफारी आणि लग्नाचे सूट यांवर माझा हात बसलेला. इथे मी एका जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या दुकानात लागलो. मालक आर्थर यॉर्कशरमध्ये शिकून आलेले, सत्तरीला टेकलेले. या देशात मालकालाही नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळेना, म्हणून मी ‘मिस्टर आर्थर’ म्हणायचो. त्यांनी काही दिवस विरोध केला आणि मग सोडून दिलं.

कापड होतं कॉलिनचं. कॉलिन म्हणजे डोंगरापलीकडचा मेंढपाळ शेतकरी. दुकानात यायचा तो गमबूट घालूनच. त्याची बायको मेव्हिस. दोघं एकदा स्कॉटलंडला गेली होती, तेव्हा तिने एका विणकराकडून हे ट्वीड आणलं. शेवाळी रंग, त्यावर गंजाच्या रंगाची बारीक चौकडी, हाताला घोंगडीसारखं भरीव. नेमकं एका सुटापुरतं. विणकराने पुढे माग बंद केला. कॉलिन वर्षानुवर्षं सूट टाळत आला होता. आता मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मेव्हिसने त्याला धरून आणलं आणि कापड माझ्या हातात देताना म्हणाली, “हे दुसरं मिळणार नाही. तसा हाही दुसरा मिळणार नाही, पण कापडाची काळजी जास्त.”

साधं कापड घडी घालून कापतात. एका कापण्यात डावी-उजवी दोन्ही निघतात. चौकडीचं तसं चालत नाही. रेघा जुळायला हव्यात, म्हणून कापड उलगडून एकेक भाग कापायचा. डावा कापला की कागदी साचा पालथा करायचा आणि मग उजवा कापायचा. साचा मी पालथा केला होता. शपथेवर सांगतो.

आर्थर आत आले. टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“वसंत, कॉलिनला दोन्ही हात एकाच बाजूला आहेत का?”

“नाही, मिस्टर आर्थर.”

“मग हे कोणासाठी?”

मी उरलेलं कापड दाखवलं. त्यातून पाठ, बाह्या आणि पँट कशीबशी निघणार होती. आणखी एक उजवी बाजू निघणं शक्य नव्हतं. आर्थरनी ते दोन्ही तुकडे उचलले, मागच्या दारात, सावलीत नेले आणि डावी-उजवी जोडी दिसावी म्हणून एक उलटा धरला. तिथे मला दिसलं. एक तुकडा सपाट, तर दुसऱ्यावर बारीक लव. ट्वीडची सुलट बाजू गिरणीत दाबलेली असते, उलट बाजू थोडी केसाळ राहते. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून मी मधेच कापड फिरवून घेतलं, ते पालथं पडलं. त्यावर साचाही पालथा केला. कापून बाजूला ठेवताना तुकडा परत सुलट पडला आणि दोन पालथ्यांचं पुन्हा सुलटच झालं.

“पण टेबलावर हे कळलं का नाही?” मी विचारलं.

आर्थर खिडकीकडे बघत राहिले. इंग्लंडमध्ये कटरचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी असतं. उत्तरेचा उजेड थंड असतो, कापडाचा खरा रंग त्यात दिसतो. दुकान काढणाऱ्या साहेबाने इथेही टेबल उत्तरेलाच लावलं. फक्त या देशात सूर्य उत्तरेकडून जातो. टेबलावर दिवसभर ऊन, आणि त्या झगझगाटात उलट-सुलट सारखंच दिसतं.

“मी इतकी वर्षं पडदा ओढत आलो,” आर्थर म्हणाले, “आणि स्वतःला कारागीर म्हणवतो.”

पण टेबलाला दोष देऊन कोट होत नाही. मी म्हटलं, “दुसरा तुकडा उलट बाजूने वापरला तर तो उजवा होतो. रेघा दोन्हीकडून सारख्याच आहेत.”

“आणि लव?”

“ती काढता नाही येणार.”

“काढता येत नाही,” ते म्हणाले, “पण आणता येते.”

त्यांनी कपाटातून तारेचा एक जुना ब्रश काढला. वापरून चकाकलेल्या कोटांवर पुन्हा लव उठवायला तो वापरत. ओलं फडकं, वाफ, मग हलक्या हाताने एकाच दिशेने ब्रश. जोर जास्त झाला तर कापड विरतं. सपाट तुकड्यावर आम्ही आळीपाळीने ब्रश फिरवत बसलो. मग पाठ आणि बाह्याही तशाच केल्या, नाहीतर कोट दोन घरांतला वाटला असता. शेवटी मागच्या दारात धरून पाहिलं. डोळ्यांना फरक लागेना. बोटांना किंचित लागत होता.

“आता मेव्हिसला सांगायचं,” आर्थर म्हणाले.

“सांगायलाच हवं?”

“कापड तिचं आहे. आणि सांगणार तू.”

ट्रायलच्या दिवशी कॉलिन कच्च्या टाक्यांच्या कोटात उभा राहिला. मी सगळं सांगितलं. इंग्रजी नीट जमत होतं, तरी घाम फुटला होता.

कॉलिनचा चेहरा उजळला. “म्हणजे सूट बिघडला? स्वीट ॲज, एकदम झकास. मग मी माझी लोकरीची जर्सी घालतो.”

“तू हाच घालणार आहेस,” मेव्हिस म्हणाली.

तिने त्याला हाताला धरून मागच्या दारात नेलं. चष्मा लावून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग दोन्ही तळवे त्याच्या छातीवरून फिरवले. आर्थर छताकडे बघत होते. मी जमिनीकडे.

“हाताला कळतंय,” ती म्हणाली.

तिने चष्मा काढला.

“पण याच्या छातीवरून हात फिरवणारं दुसरं कोणी नाही. असलं तर मला कळायलाच हवं. शिवून टाका.”

कॉलिन पुटपुटला, “जर्सी ऊबदार असते.”

सूट वेळेत झाला. लग्नानंतर मेव्हिस फोटो घेऊन आली. त्यात नवरीपेक्षा कोट जास्त ताठ उभा होता, आणि कॉलिनच्या पायात चक्क चामड्याचे बूट होते. तिने तो फोटो काउंटरवर लावायला दिला. आर्थरनी लावलाही.

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी टेबल ढकलत दक्षिणेच्या खिडकीशी नेलं. जुन्या जागी लाकडी जमिनीवर फिकट चौकोन उरला. एवढ्यावरून मी एक शिकलो: जहाजातून नियम आला, की त्याला आधी इथला सूर्य दाखवून आणावा.

हे सगळं मी घरी नीलाला रंगवून सांगितलं. उत्तर, दक्षिण, लव, ब्रश, काही वगळलं नाही. तिची ड्यूटी संपली होती, पाय स्टुलावर होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“अहो,” ती म्हणाली, “आमच्याकडे ऑपरेशनला कापायच्या आधी त्या बाजूवर पेनाने खूण करतात. तुमच्या तर कानावरच खडू असतो.”