लिंबावरची लाल शिंगं

मंडळी, उजवं मनगट सुजलंय, म्हणून डाव्या हातानं लिहितेय.

सकाळी शेजारचे मामा काठी घेऊन आमच्या दारातल्या लिंबोणीवर तुटून पडले. अळी चावून माणूस मेल्याचा कसलासा व्हिडिओ त्यांनी काल मोबाईलवर पाहिला होता. आज लिंबावर हिरवी अळी दिसली. काडीनं डिवचली, तर तिच्या डोक्यामागून लाल शिंगं बाहेर आली. झालं!

"इखारी हाय ती! लांब सरक!" म्हणत त्यांनी फांद्या झोडपल्या, अळ्या चपलेखाली चिरडल्या, बाकीच्या अळ्या फवारणीच्या औषधाच्या बादलीत बुडवल्या. मी आडवी गेले, तर काठी माझ्याच मनगटावर बसली.

"मामा, ती चावत न्हाई! भ्याली की शिंगं काढती!" पण ऐकतंय कोण?

दुपारी मोडलेल्या फांद्यांवर एक फुलपाखरू भिरभिरत आलं. काळे पंख, त्यावर पिवळट ठिपके, मागच्या पंखावर लाल टिकली, शेपटी नाही. लिंबाळी. अंडी घालायला कोवळं पान शोधत होतं.

मामा हरखले. "काय झ्याक हाय गं! फोटो काढ की."

"काढते. याचीच पोरं तुम्ही सकाळी बादलीत बुडवलीत."

मंडळी, आता तुम्हीच सांगा, फोटो कशाचा टाकू? फुलपाखराचा, की बादलीचा?