फ्लेक्सवरची महिला प्रतिनिधी

"अहो अध्यक्ष, ह्या मिशा माझ्या आहेत का?" शालनवहिनी भर चौकात ओरडत होत्या.

वर आमच्या लाडक्या हिरोच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. एवढा मोठा, की त्याच्या सावलीत अख्खी पेठ दुपारची झोप काढत होती. चाहता मंडळाचे छत्तीस पदाधिकारी त्यावर हसत होते. अध्यक्षांचा चेहरा तर हिरोहून वीतभर मोठा. यंदा मंडळाने थाटात महिला प्रतिनिधी नेमली होती. 'सौ. शालन' या नावावर फोटो मात्र त्यांच्या नवऱ्याचा, जो हिरोच्या पहिल्याच गाण्याला घोरायला लागतो. आणि बारा वर्षं हिरोच्या प्रत्येक कटआउटला टेम्पोभर झेंडूचा हार ओवला तो वहिनींनी.

जागा द्यायची आणि तिथे बसू मात्र द्यायचं नाही, ही कला आम्हाला कुणी शिकवावी लागली नाही. फ्लेक्सवर अध्यक्षांच्या कुत्र्यालासुद्धा जागा होती. पडद्यावर हिरोने एखाद्या बाईला न्याय मिळवून दिला, की शिट्ट्यांनी थिएटरचे पत्रे उडवणारे आम्ही. चौकात मात्र सगळे फ्लेक्सवर आपापला चेहरा शोधू लागले. माझाही चेहरा होता वर, गॉगल लावलेला. मी त्याच्याकडेच बघत उभा राहिलो.

अध्यक्षांनी मान वर करून फ्लेक्स सावकाश वाचला.

"वहिनी, खाली नाव तुमचंच आहे की."