आमच्या चढावरच्या दोन मोटारी

तुमची मोटार नेमकी कुठली चाकं पळवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मी हा प्रश्न बऱ्याच मोटारवाल्यांना विचारला आहे. ते रंग सांगतात, किंमत सांगतात, गाण्याचं यंत्र वाजवून दाखवतात. चाकांचं विचारलं की हसतात. जोयडा तालुक्यातल्या आमच्या कुंभारवाड्याकडच्या बायकांना कुणी हे विचारलं असतं तर त्या हसल्या नसत्या. त्यांचा बाजार, त्यांचं माहेर, त्यांची बाळंतपणं त्या चाकांवर अवलंबून होती.

वाडी सोडली की वळणाआधी लाल मातीचा एक चढ लागायचा. पाऊस सरला तरी पुढं बरेच दिवस झऱ्याचं पाणी त्या रस्त्यावरून वाहत असे. चढाच्या पायथ्याशी बसचा कंडक्टर ओरडायचा, "मागं सरका!" आणि पुढच्या बाकांवरची सगळी माणसं उठून मागं जाऊन दाटीवाटीनं बसायची. बसला रेटणारी चाकं मागची. त्यांच्यावर वजन पडलं की ती माती धरतात, नाहीतर जागच्या जागी फिरत राहतात. माणसं कमी असली तर शेजारच्या खळ्यावरून भाताची पोती आणून मागं टाकत. "गाडीचं बूड जड पाहिजे," हे आमच्याकडं पोरांनाही ठाऊक होतं.

या कामात आमच्या शेजारच्या मावशीला फार मान होता. बाई अंगानं भरभक्कम. कंडक्टर तिला जागा राखून ठेवायचा.

"मावशी, तुम्ही पार मागं!"

"मेल्या, तुझ्या सासूला बसव की मागं!" असं म्हणत ती जायची, आणि तिथं ऐसपैस बसायची. तिच्या उभ्या जन्मात तिनं गाडीची पुढची काच आतून पाहिली नव्हती.

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. अप्पा, म्हणजे माझे वडील, ती रामनगरहून छापून आणायचे. रस्ता द्या, बस द्या, दवाखाना द्या. उरलेली पत्रकं कुडाच्या भिंतीला चिकटवलेली असायची आणि मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. त्यामुळे मला 'क' म्हणजे कमळ नव्हे, कष्टकरी वाटतो. आजही वाटतो.

नव्वदीच्या दशकातला तो दिवस. भात पोटरीला आलं होतं. अक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची, बेळगावात नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. दुपारपर्यंत पोचायचं, नाहीतर जागा दुसरीला. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं म्हणायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी तिचं लग्न करायचं, असं घरात ठरत आलं होतं. आणि सकाळची बस आलीच नाही. अक्का चढाच्या पायथ्याशी दगडावर बसली होती, इस्त्रीची साडी गुडघ्यापर्यंत सावरून, पिशवी मांडीवर घेऊन. मी तिच्यासोबत जाणार होते.

तेवढ्यात दोन मोटारी आल्या. एक रुपेरी, एक काळपट हिरवी. दोन्ही परदेशी, दोन्ही जमिनीला पोट टेकतील इतक्या बुटक्या. अशा मोटारी आम्ही रामनगरच्या हमरस्त्यावर क्वचित, तेही भर्रकन जाताना पाहिलेल्या. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी पत्रक वर धरलं.

रुपेरी मोटारीतल्या गृहस्थांनी काच खाली करून ते वाचलं. "इथं रस्ता नाही असं लिहिलंय. मग आम्ही कुठून आलो?"

"त्येच तर आमीबी विचारतोय, सावकार," अप्पा म्हणाले.

गृहस्थ मोठ्यानं हसले आणि खाली उतरले. ते बेळगावचे, ओतकामाच्या कारखान्याचे मालक. हिरवी मोटार चालवणारी त्यांची बायको. कुळगीला मुक्काम करून, जंगलातल्या रस्त्यानं रामनगर आणि पुढं गोवा, असा त्यांचा बेत. हा आडरस्ता त्यांनी मुद्दाम धरला होता. कुणाची मोटार सरस, अशी दोघांत पैज होती.

"हिची चारही चाकांवर चालते, माझी मागच्या दोनांवर," त्यांनी अप्पांना समजावलं. "पुढच्या चाकांनी फक्त वळावं, मागच्यांनी फक्त ढकलावं. एकाला दोन कामं सांगू नयेत. मोटार चालवल्याचं सुख त्यातच आहे."

"चार हात असताना दोन बांधून ठेवण्यात कसलं आलंय सुख?" बाई म्हणाल्या.

आम्ही ऐकलं, पण आमच्या डोक्यात शिरलं नाही. चार चाकांवर चालते ती जंगल खात्याची जीप, उंच, खडखडणारी. अशी मऊ गाद्यांची, चकचकीत मोटार तशी असेल, हे कुणाला पटणार?

रुपेरी मोटार आधी निघाली आणि अर्ध्या चढावर अडकली. इंजिनाची ताकद अफाट, आणि तीच नडत होती. मागची चाकं गरगरा फिरली आणि अप्पांच्या धोतरावर लाल नक्षी उठली.

"बूड हलकं हाय बघ मोटारीचं," मावशी म्हणाली, आणि सगळे कामाला लागले. डिकीत गेल्या सालच्या भाताची पोती चढली, मागच्या गादीवर मावशी आणि वाडीतल्या आणखी दोघी. गृहस्थांनी हलकेच पाय दाबला. चाकांनी माती धरली. मोटार वर सरकली, वळणावर आली, आणि तिथं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तिचं शेपूट बाजूला घसरलं. पण त्यांनी स्टिअरिंग उलट फिरवलं, इंजिनाचा जोर किंचित वाढवला, आणि त्या घसरण्यातूनच मोटार वळली. पाण्यात मासा वळतो तशी. वर पोचल्यावर मावशीचं हसणं खालपर्यंत ऐकू आलं.

अशा मोटारींबद्दल मी पुढं बरंच कडक लिहिलं, आणि त्यातला शब्दही मागं घेणार नाही. पण ते वळण सुंदर होतं. ती मोटार कुठल्या तरी कामगारांनीच घडवली होती आणि त्यांचं काम उत्तम होतं. ते श्रीमंताच्या दारात उभं आहे म्हणून मी डोळे मिटून घेऊ?

"मुलाखतीला कुणाला जायचंय? बसा माझ्याकडं," हिरव्या मोटारीतल्या बाई म्हणाल्या. अप्पांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या पुढच्या काचेवरचा चिखल पुसत होत्या, आणि तेवढ्यात आमच्या माणसांनी सवयीनं उरलेली सगळी पोती त्यांच्या डिकीत भरली. रुपेरी मोटारीतली पोती वर उतरवून मावशी चालत परत आलीच होती. तीही आमच्याबरोबर मागं बसली.

मोटार चढाला लागली ती जणू चढ नव्हताच. जिथं रुपेरी अडकली होती तिथं हिचा आवाजसुद्धा बदलला नाही. मग वळण आलं. बाईंनी स्टिअरिंग फिरवलं. मोटार वळेना. सरळ निघाली, खालच्या ओहोळाकडं. अक्कानं माझं मनगट धरलं. बाईंनी मोटार थांबवली तेव्हा पुढचं एक चाक कडेच्या गवतावर होतं आणि मावशी वाडीतल्या सगळ्या देवांना एकेक नारळ बोलून बसली होती.

बाईंनी मोटार मागं घेतली. उतरल्या, मागं गेल्या, डिकी उघडली.

"ही पोती कुणी भरली?"

"आमीच," मावशी आतूनच म्हणाली. "तुमच्याच भल्यासाठी हो बाई."

"अहो, माझी पुढची चाकंही ओढतात. वळायचं काम तर त्यांचंच. तुम्ही त्यांना जमीन धरूच दिली नाही!" त्या चिडल्या होत्या, पण बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. "ह्यांच्या मोटारीला ती रीत बरोबर. माझ्या गाडीला नाही चालायची. पोती काढा. आणि वजन पुढं हवंय. कोण बसतंय पुढं?"

सगळ्यांनी मावशीकडं पाहिलं.

"मी? म्होरं?" मावशी म्हणाली. "न्हाई गं बाई. मला न्हाई जमायचं."

"बसायचंच आहे ना? त्यात जमायचं काय?"

मावशी पुढं बसली. पदर घट्ट खोचून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसावं तशी. मोटार पुन्हा वळणावर आली आणि स्टिअरिंग फिरलं तशी सांगितलेलं ऐकल्यासारखी वळली. शेपूट हललं नाही, चिखल उडाला नाही. नवऱ्याच्या मोटारीत चालवणाऱ्याचं कसब दिसलं होतं. इथं यंत्राचं शहाणपण दिसलं. कुठल्या चाकाखाली काय आहे ते ओळखून चौघांत ओझं वाटून घेतल्यासारखं. दोन्हींतलं श्रेष्ठ कोण, हे मला आजही ठरवता येत नाही. पण ज्या दिवशी अक्काला पोचायचं असतं, त्या दिवशी मी चार चाकांच्या बाजूनं मत देते.

वर गेल्यावर मावशीनं उतरायचं होतं. ती काचेतून समोर बघत राहिली. "रामनगरपातुर येते," म्हणाली. "बाजारात काम हाय माझं." काम काही नव्हतं. बाईंनी विचारलं नाही.

रामनगरला रुपेरी मोटार वाट बघत होती.

"आता डावीकडं गोवा," गृहस्थ म्हणाले.

"गोवा पळून जातंय का? मी हिला बेळगावला सोडते. तुम्ही व्हा पुढं."

ते पुढं गेले नाहीत. खानापूरकडच्या डांबरी रस्त्यावर ते मागून आले, मोकळ्या जागी आम्हाला ओलांडून गेले आणि हॉर्न वाजवला. "बघा, आता कसे रंगात आलेत," बाई म्हणाल्या. सपाट रस्त्यावर ती मोटार खरोखरच देखणी पळत होती. अक्का पहिल्यांदा हसली.

अक्का वेळेत पोचली. तिला प्रवेश मिळाला. आज ती आमच्याच तालुक्यात नर्स आहे, आणि चढापलीकडच्या वाड्यांत लस द्यायला त्याच रस्त्यानं जाते. अप्पांच्या पत्रकांतल्या मागण्यांपैकी काही मान्य झाल्या. तो चढ मात्र अजून मातीचाच आहे, आणि बस अजून चुकते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडं मोटार असेल आणि तुम्ही जोयड्याच्या बाजूनं गोव्याला जात असाल, तर आमच्यासारख्या एखाद्या चढाच्या पायथ्याशी थांबा. काच खाली करा. विचारा, "कुणाला वर जायचंय?" मागची चाकं ढकलत असतील तर माणसं मागं बसवा. चारही ओढत असतील तर तिथल्या सगळ्यात भरभक्कम बाईला पुढं बसवा. ती आधी नको म्हणेल. पुन्हा विचारा.