आमचा फिर्यादी

नागापूरच्या एमआयडीसीत माझ्या जुन्या स्कूटरचं पंक्चर काढणारा माणूस एकेकाळी टोळीत होता आणि कोयता घेऊन फिरायचा. हे त्यानं स्वतःच सांगितलं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता. शेजारी हवा भरणाऱ्याच्या कपाळावर चांगला चार इंचांचा व्रण होता.

"ह्यो आमचा फिर्यादी," पंक्चरवाल्यानं ओळख करून दिली.

"आनि ह्यो माझा आरोपी," दुसरा पंपावरची नजर न काढता म्हणाला.

तेवढ्यात दुकानासमोर दोन कामगार गाडी आडवी लावण्यावरून भांडू लागले. एकानं लोखंडी पाइप उचलला. कारखान्यात कामाची मिनिटं मोजायच्या सवयीनं मी घड्याळ पाहिलं. आरोपी ओल्या हातांनीच मध्ये जाऊन उभा राहिला.

"मार, मी न्हाई म्हनत न्हाई," तो पाइपवाल्याला म्हणाला आणि फिर्यादीकडं बोट केलं. "ह्याला मारायला मला दोन मिनटं लागली. पुढं अकरा वर्षं कोर्टाच्या तारखा. जायला एकच एसटी, बसायला एकच बाकडं. माझा डबा ह्यो खायचा, ह्याचा मी. भांडायला काय उरलंच न्हाई, मग दुकान काढलं."

"भाजी मातर लई खारट असायची ह्याची," फिर्यादी म्हणाला.

"तवा आधी एकमेकाचं तोंड नीट बघून घ्या," आरोपी त्या दोघा कामगारांना म्हणाला. " अकरा वर्षं हेच बघायचंय."

दोघांनी एकमेकांकडं निरखून पाहिलं. दोघांचेही चेहरे पडले. एकानं पाइप खाली ठेवला, दुसऱ्यानं गाडी सरळ लावली.

मी पुन्हा घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. मारण्यापेक्षा दोनच जास्त.