मोज्यांना लागलेली वाळू

नेपरव्हिलचं आमचं घर विकायला काढलंय. सामान हलवून झालंय. रविवारी एक तरुण जोडपं घर बघायला आलं, सोबत त्यातल्या मुलीचे वडील होते. दारातच ते वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एजंट घाईनं म्हणाली, "शूज राहू द्या, इथे आता कोणी राहत नाही."

हे वाक्य मीच एकदा बोलले होते. डेन्मार्कमधल्या रिबे नावाच्या जुन्या गावात, बाबांना. ऑफिसच्या कामासाठी जाताना, देशातून नेपरव्हिलला आमच्याकडे आलेल्या बाबांनाही मी सोबत नेलं होतं. दोन म्युझियम उरकून आम्ही एका कुंभाराच्या जपून ठेवलेल्या घराशी आलो. ठेंगणं दार, तुळयांना डांबराचा वास, जमिनीवर जुन्या पद्धतीनं पसरलेली पांढरी वाळू. बाबांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. मागे लोक खोळंबले.

"बाबा, म्युझियम आहे हे. इथे आता कोणी राहत नाही."

"राहत होते ना? मग झालं."

ते मोज्यांवरच चूल, पाळणा, मडक्यांची फळी बघत हिंडले. मी ओळख नसल्यासारखी चार पावलं मागे. संध्याकाळी हॉटेलात त्यांच्या मोज्यांची वाळू झाडताना मी त्यांना बोललेसुद्धा. ते रागावले नाहीत. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मुलीचे वडील मोज्यांवर आत आले आणि रिकाम्या स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले. मी खाली पाहिलं. माझ्याच घरात मी बूट घालून उभी होते.