ड्रमकीलचा फेरफार

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे पुरुषोत्तमराव, अमरावतीहून आमच्याकडे परदेशात, ट्रलीला आले ते विश्रांतीसाठी. पण भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला विश्रांती कसली मानवते! आठवड्याभरात त्यांनी आमच्या परसाची मोजणी केली आणि कुंपण सात इंच सरकल्याचं जाहीर केलं. कुंपणापलीकडच्या ब्याऐंशी वर्षांच्या नोरानं "ग्रँड, ग्रँड!" म्हणत आम्हांला चहाला बोलावलं.

नोराचा सगळा अभिमान एका पूर्वजात साठलेला. तो सर्वेअर होऊन ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथल्या एका पॅरिशला त्यानं आपल्या वाडीचं, ड्रमकीलचं नाव दिलं. तिकडे पॅरिश म्हणजे जमिनीच्या नोंदींचा विभाग. देऊळ नाही, पाद्री नाही, मेंढ्या मात्र रग्गड. त्या नावाला दीडशे वर्षं झाली म्हणून नोरा शनिवारी गावच्या हॉलमध्ये भाषण करणार होती. पहिलंच वाक्य होतं, "त्यांनी निर्जन माळाला नाव दिलं."

मामाजींनी लगेच मला लॅपटॉपवर त्या पॅरिशचा जुना नकाशा काढायला लावला. ड्रमकीलखाली आणखी एक नाव होतं, खोडलेलं. शेजारी टीप होती, 'मूळ रहिवाशांनी सांगितलेले.' झालं! साहेब ड्युटीवर हजर.

"याची फेरफार नोंद कुठी हाय? नोटीस कोणाले बजावली? हरकती मागवल्या?"

मी मान खाली घालून भाषांतर केलं. माणसं हुसकावली गेली याचं काही नाही, कागद अपुरा राहिला याचंच त्यांना दुःख! नोराचा चेहरा पडला. मला मामाजींचा मनस्वी राग आला. म्हातारीकडे होतं एवढंच, त्याचीही तपासणी लावली.

नोरानं पेन घेऊन ते पहिलं वाक्य खोडलं. मग विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कधी नावं बदललीत?"

"छे! आम्ही फक्त गट नंबर दिले. रीतसर, नोटिसा देऊन," मामाजी ताठ बसून म्हणाले.

"तुमच्या स्वतःच्या शेताला?"

"दोनशे चौदा."

"त्याआधी त्याला काय म्हणायचे?"

वडील त्या शेताला नावानं हाक मारायचे, एवढंच मामाजी पुटपुटले. चहा निवला. शेवटी त्यांनी मला गावी धाकट्या भावाला फोन लावायला सांगितला.

मामाजींनी शेताचं जुनं नाव विचारलं. विलासकाका म्हणाले, "दादा, नंबर तं तूच टाकला होता. तुलेच माहीत असंल."