नर्सरीतलं जेवण आणि एक गळका नळ

त्या गुरुवारी रोपांच्या नर्सरीत जेवायला निघण्यापूर्वी माझ्या बायकोने माझी झडती घेतली.

कंपनी सुटताना गेटवरचा वॉचमन घ्यायचा, तशीच. शर्टाचा खिसा, पँटचे दोन्ही खिसे, आतला चोरखिसा. त्यातून एक पक्कड, एक टेस्टर, वायसरची पुडी आणि (हा कसा आला मला खरंच माहीत नाही) सायकलच्या ट्यूबचा तुकडा निघाला. सुमनने माल जप्त केला आणि म्हणाली, "आज कुठे काही गळू दे, नाहीतर जळू दे. आपण चौघं एकत्र बसून जेवणार, आणि जेवण संपेपर्यंत तुम्ही जागचं हलायचं नाही. कबूल?"

"कबूल!"

तिची काही चूक नव्हती. मी पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होतो, आणि लग्नाला दहा वर्षं होऊनही बाहेरचं एक जेवण मी पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तिच्या शेजारी बसून जेवलो नव्हतो. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात पंगत बसली, तेव्हा मी मांडवामागे आचाऱ्याचा स्टो खोलून बसलो होतो. (स्टो झकास झाला. बासुंदी संपली होती.) आमच्या नंदाच्या बारशाला पाळण्याची कडी कुरकुरते म्हणून मी तेल आणायला गेलो, तो परत येईपर्यंत नाव ठेवून झालं होतं. काय ठेवलं, ते मला शेजाऱ्यांकडून कळलं!

आता खरं सांगतो. छोटा पाना माझ्या मोज्यात होता.

"बाबा, तुम्ही आज लग्नातले बूट का घातलेत?" आठ वर्षांच्या नंदाने रस्त्यात विचारलं. "आणि लंगडताय का?"

"बूट चावतोय."

"दहा वर्षं चावला नाही तो!" माझी आई म्हणाली. आईची नजर फार वाईट.

नर्सरी होती मुंबई-पुणे रस्त्याला लागून, तात्यांची. तात्या गावचे जुने शेतकरी. बरीचशी जमीन कारखान्यांत गेली, आणि उरलेल्या तुकड्यात ते त्याच कारखान्यांच्या साहेबांसाठी गुलाब आणि क्रोटन वाढवत. झाडं बघून माणसाला भूक लागते, हा शोध त्यांच्या सुनेने लावला. तिने बोगनवेलीच्या मांडवाखाली चार टेबलं टाकली, मागे भट्टी पेटवली आणि डोसे सुरू केले. सुमन सहा महिने त्या डोशांबद्दल ऐकत होती.

गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी असे आणि विजेलाही. वीज यायची ती संध्याकाळी, तिच्या मर्जीने. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं ऊन कललं होतं, कुंड्यांना पाणी घातल्याचा वास येत होता आणि सुमनने नवी पिवळी साडी नेसली होती. सगळं इतकं छान होतं, की मला आपल्याच मोज्याची लाज वाटली.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. टप्.

मी पाण्याचा ग्लास उचलला. टप्. ठेवला. टप्.

"बघू नका तिकडे," सुमन म्हणाली.

"बघत नाहीये. ऐकतोय."

"ऐकूही नका!"

आता कान काय बंद करायची सोय आहे? मी मनातल्या मनात कराराची कलमं तपासली. जेवण संपेपर्यंत हलायचं नाही, हे ठरलं होतं. पण जेवण अजून आलं कुठे होतं? ते येण्याआधीचं काहीच ठरलं नव्हतं! मी उठलो.

"हात धुऊन येतो."

"आत्ता तर धुतलेस," आई म्हणाली.

"चांगले निघाले नाहीत."

आमच्या टेबलाशेजारच्या खांबालगत एक गंजका पाइप आला होता, आणि त्याच्या टोकाला, पार कोपऱ्यात तो नळ. खाली एका कुंडीत नाजूक फर्न, आणि फर्नवर टप टप. नळाला मूठसुद्धा नाही, नुसता दांडा! काय हा हलगर्जीपणा! मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, पाना काढला आणि अर्धा आटा पिळला. टपटप बंद. मला इतकं समाधान वाटलं, की पाना तिथेच विसरून मी जागेवर येऊन बसलो.

डोसे आले. "अगं बाई, एवढं मोठं धिरडं!" आई म्हणाली. सुमनने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि माझ्याकडे बघून हसली. तसं हसू मी लग्नाच्या फोटोनंतर पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आज जमलं!

तेवढ्यात वीज आली. मांडवातले दिवे लागले, नंदाने टाळ्या वाजवल्या. लांब विहिरीवर कुठेतरी मोटार घुमू लागली. मोटारीचा आवाज मला फार आवडतो, म्हणून मी मान डोलावली. आणि माझ्या कानाशेजारी खांबावरचा पाइप फाडकन फुटला!

पाण्याचा फवारा आधी मांडवावर गेला, मग टेबलावर, मग आईवर. माझा डोसा सांबारात पोहू लागला. लोक खुर्च्या घेऊन पळाले. मी उडी मारली आणि दोन्ही तळहात पाइपवर दाबून धरले. फवारा थांबला. आई शांतपणे म्हणाली, "आता हात चांगले निघाले का रे?"

तात्या धोतर सावरत धावत आले. "आवं, त्यो कोपऱ्यातला नळ कुनी आवळला?"

मी तर पाइपच होऊन उभा होतो.

"म्या मुद्दाम गळता ठिवलाय त्यो! पाइप जुना हाय, मोटार चालू झाली की जोर सोसत न्हाई. जरा वाट ठेवावी लागती. गळंल ते पानी फर्नला. कुनी पिळू नये म्हनून मूठ बी काढून ठिवली!" असं म्हणत तात्यांनी बंडीच्या खिशातून मूठ काढली आणि नळ सैल केला. पण फुटायचं ते फुटून गेलं होतं.

(जोराला वाट ठेवावी लागते! हा धडा मी गेल्याच महिन्यात कंपनीतल्या नव्या पोरांना तासभर शिकवला होता. फळ्यावर चित्र काढून!)

"मोटार दोन शेतं पल्याड हाय. बंद करून येतो. तवर हात काढू नगा, न्हाईतर सूनबाईची भट्टी इझंल," असं सांगून तात्या गेले.

मी तसाच उभा. सुमन उठली, कोपऱ्यात गेली आणि काहीतरी उचलून आली. पाना. त्यावर माझ्या नावाची अक्षरं मीच पंच केलेली. तिने पाना पाहिला, मग माझा बूट पाहिला. मला खरंच भीती वाटली, की ही आता नंदाचा हात धरून पायी घरी निघेल. इतकी वर्षं हिने एक जेवण मागितलं, आणि तेही मी पाण्यात घातलं.

तिने पाना पर्समध्ये टाकला. टेबल पुसलं. खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली आणि भट्टीकडे हाक दिली, "वहिनी, आणखी चार डोसे!"

ते आल्यावर तिने एक घास मोडून माझ्यापुढे धरला. "आ करा."

"अगं, आई आहे!"

"हात मोकळे आहेत का तुमचे? आ करा."

आई क्रोटनचं एक पान फार बारकाईने बघू लागली. तात्यांना वाटेत कुणीतरी गप्पांना भेटलं असावं, कारण ते आले तोवर माझे दोन डोसे झाले होते. इतका गरम, इतका कुरकुरीत डोसा मी पुन्हा खाल्ला नाही. शेवटचा घास भरवून सुमन म्हणाली, "दहा वर्षांत पहिल्यांदा, जेवण संपेपर्यंत तुम्ही जागचे हलला नाहीत!"

मग तिने पर्समधून सायकलच्या ट्यूबचा तो तुकडा काढून माझ्या हातात दिला. "बांधा आता पाइप. मी बरोबरच आणला होता. तुमची खात्री होती मला."

निघताना तात्यांनी तिला फर्नचं एक रोप दिलं. ते आमच्या मोरीत नळाखाली आहे, आणि नळ गेली कित्येक वर्षं त्यावर टपटपतो. नळाची मूठ सुमनच्या पर्समध्ये असते. कंपनीत लोक मला अजून मोठा फिटर समजतात. घरी मी नळाकडे बघत नाही. नुसता ऐकतो.